मनाचे दुखणे कोणापाशी उघडावे?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या आरोग्य परिसंवादातील भाषण)



गेल्या पन्नास वर्षांत आपल्या ट्रस्टने नेत्रशिबिरे भरविली, गरजूंच्या शस्त्रक्रियांना हातभार लावला. मात्र मनाच्या दुखण्यासाठी कोणी साहाय्य मागितल्याची नोंद माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडे ही दुखणी नाहीत, असा याचा अर्थ नव्हे. उधारी अडकलेला व्यापारी रात्ररात्र जागा असतो, बाळंतपणानंतर सुनेला कारणावाचून रडू येते, बारावीच्या मुलाचे अन्न तुटते; आणि घरात कोणाचे लग्न ठरायचे असले की सारे मूग गिळून बसतात.

कोणी खिन्न दिसला की आपण चटकन म्हणतो, ‘आर्तध्यान सोड, नवकार गण.’ नवकाराचे सामर्थ्य मी नाकारीत नाही. माझाही दिवस त्यानेच उजाडतो. पण मधुमेह झालेल्याला आपण नवकाराबरोबर गोळीही देतो. खिन्नतेच्या आजारात माणसाला आधीच स्वतः अपराधी असल्यासारखे वाटत असते, त्यात आपण आणखी एका दोषाची भर घालतो.

वास्तविक मन उघडे करणे आपल्या परंपरेला नवे नाही. आलोचना म्हणजे दुसरे काय? आणि ती कोणापाशीही करावी, असे शास्त्र सांगत नाही. स्थानांगसूत्रात आलोचना ऐकणाऱ्याचे आठ गुण सांगितले आहेत. मी कापडाचा व्यापारी, शास्त्राचा अभ्यासक नव्हे. परंतु त्यांतील दोन गुण मला फार मोलाचे वाटतात. एक ‘अपव्रीडक’, म्हणजे सांगणाऱ्याची लाज दूर करणारा. दुसरा ‘अपरिस्रावी’, ज्याच्याकडून ऐकलेली गोष्ट पाझरत नाही असा. मानसोपचारासाठी माणूस निवडताना हीच कसोटी लावावी. फरक एवढाच, की आलोचनेत दोष सांगायचा असतो आणि येथे वेदना. वेदनेला प्रायश्चित्त नसते.

आमच्या कुटुंबातील एका तरुणाची हकीकत त्याच्या संमतीनेच सांगतो. त्याला गर्दीत छातीत धडधडे, दुकानात बसणे नको होई. हृदयाच्या तपासण्या निर्दोष निघाल्या. मग एका समुपदेशकाकडे गेला. दुसऱ्याच भेटीनंतर त्याने विश्वासाने सांगितलेले सारे त्या गृहस्थांनी फोन करून वडिलांना कळविले. हेतू चांगला असेलही, पण पोराने पुढे सहा महिने तोंड उघडले नाही. नंतर ठाण्याच्या एका बाईंकडे तो स्वतःहून गेला. त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केले, की जिवाला धोका असल्याखेरीज येथले बोलणे बाहेर जाणार नाही. आज तो गल्ल्यावर बसतो. धडधड कधीमधी होते, पण आता तिला घाबरून तो उठून जात नाही.

आता व्यवहाराचे बोलतो. मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात व औषध देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ संभाषणातून उपचार करतात. काहींना दोहोंची गरज लागते. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती अवश्य विचारावी. ‘समुपदेशक’ अशी नुसती पाटी पाहून आत शिरू नये. शिक्षण काय, अनुभव किती, कोणत्या पद्धतीने काम करता, फी किती, हे विचारण्यात संकोच कसला? दोनशे रुपयांचे कापड घेताना गिऱ्हाईक ताका उलगडून पन्हा मोजून घेते!

एक बैठक साधारण पाऊण तासाची, म्हणजे जवळपास आपल्या सामायिकाच्या अठ्ठेचाळीस मिनिटांइतकीच. पहिल्याच बैठकीत हलके वाटेल असे नाही. कधी जुने उकरल्याने अधिक जड वाटते. तीन-चार भेटींत या माणसाशी आपले जुळते का, हे समजू लागते. न जुळल्यास तसे सांगून दुसऱ्याकडे जावे, त्यात कोणाचा अपमान नाही. मात्र जो पहिल्याच दिवशी खात्रीने बरे करण्याची हमी देतो, किंवा आपल्या खाण्यापिण्याच्या व्रतांची थट्टा करतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये, असे माझे मत आहे.

मराठीत या विषयावर मोठे काम झाले आहे. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली ठाण्यात मानसिक आरोग्यासाठी ‘आय.पी.एच.’ ही संस्था उभी केली. रोहा किंवा पेणहून दिव्याची गाडी धरली की पुढे ठाणे दूर नाही. गावात कोणी पाहील ही धास्ती ज्यांना आहे, त्यांना हे अंतर उलट सोयीचेच! प्रवास शक्य नसेल तर 14416 हा ‘टेली मानस’चा क्रमांक आहे. 2022 च्या ऑक्टोबरात सुरू झालेली ही शासकीय सेवा विनामूल्य असून रात्री-अपरात्रीही उपलब्ध आहे आणि मराठीतून बोलता येते. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. शरीराच्या आजाराप्रमाणेच मनाच्या आजारालाही विमा असावा, अशी तरतूदही त्याच कायद्यात आहे. पॉलिसी काढताना ती वाचून घ्यावी.

विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे. वैद्यकीय साहाय्य निधीतून या उपचारांची फी व प्रवासखर्चही द्यावा. अर्ज सभेत वाचला जाऊ नये. तो एकाच विश्वस्ताने, तेही शक्यतो एका भगिनीने पाहावा आणि हिशेबात नावाऐवजी केवळ क्रमांक लिहावा. लेखापरीक्षकांना पावती दाखविता येईल अशी पद्धत बसविणे मुळीच अवघड नाही. मी स्वतः वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, ती वही आखून देण्याचे काम माझ्याकडे द्यावे. पहिल्या वर्षाच्या खर्चापोटी आमच्या पेढीतर्फे अकरा हजार रुपये आजच कोषाध्यक्षांकडे जमा करीत आहे.

जय जिनेंद्र.