नव्या कुऱ्हाडीचा जुना रंग

नव्या कुऱ्हाडीला जुना काळा रंग यावा म्हणून आम्ही ती चुलीत घातली. रंग आला, पण बाभळीच्या गाठीवर पहिल्याच घावाला धार मुडपली! पोलादाला दिलेले पाणी 200 अंश सेल्सिअसपलीकडे उतरू लागते, हे ध्यानात कोण घेतो?

उपाय विळीने आधीच दाखविला होता. कैरी चिरताना ती काळी पडतेच ना? पाते राखेने घासून, तेलकटपणा काढून, हिरड्याच्या गार काढ्यात रात्रभर ठेवावे. हिरड्यातील टॅनिन लोखंडाशी मिळून काळा थर धरते. हिरडा-हिराकसाची जुनी शाई ती हीच. मग धुवावे, वाळवावे, जवसाचे तेल चोळावे. धार तेवढी दगडावर उजळावी.

परभणीच्या आमच्या शेजाऱ्यांनी विचारले, “आजोबांची वाटतं?” आम्ही हिरड्याचे भांडे दाखविले.