चौसष्ट घरांचा पट

श्रोतेहो, बुद्धिबळाचा पट आठ ओळींचा, ओळीत आठ घरे. संगणकावरच्या खेळात तो मांडायचा कसा? १९९३ साली ब्राझीलमध्ये, रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात 'लुआ' नावाची भाषा तयार झाली. अनेक खेळांच्या आज्ञा तिच्यात लिहितात. तिच्यात आडव्याउभ्या घरांचा तयार पट नाही. आहे ती साधी यादी. मग एका मोठ्या यादीत आठ लहान याद्या ठेवायच्या. मोजणी आपल्यासारखी, एकापासून.

गुरुजी, नवशिकी मुले फसतात ती इथेच. एकच ओळ करतात आणि तीच आठ वेळा ठेवून देतात. दिसायला पट पुरा! पण पहिल्या ओळीच्या तिसऱ्या घरात प्यादे ठेवले, की आठही ओळींत तिसऱ्या घरी प्यादे उभे. ओळी आठ नव्हत्याच; एकाच मुलाचे नाव हजेरीपटावर आठदा लिहावे, तसे झाले.

म्हणून दर फेरीला आधी कोरी ओळ करावी, तिची आठ घरे शून्याने भरावीत, मग पुढची. शून्य भरायचेच, बरे का! न भरलेल्या घरात लुआला शून्य नव्हे, 'काहीच नाही' दिसते. त्यात एक मिळवायला गेलात, की चूक दाखवून आज्ञा तिथेच अडते.