भाड्याचे घर आणि घरमालकाचा हिशेब



‘घर पाहावे बांधून’ असे आपले जुने लोक सांगत. आज मी त्यापुढची गोष्ट सांगणार आहे. असलेले घर दुरुस्त करून भाड्याने द्यावयाचे, तर हिशेब कसा मांडावा?

तालुक्याच्या गावी पुष्कळांचे वडिलोपार्जित घर असते. मुले शहरात गेलेली असतात आणि निम्मे घर कुलपात पडलेले असते. बदलून आलेले शिक्षक, तलाठी, परिचारिका अशा जागेच्या शोधात असतात. मग मालकाच्या मनात येते, कर्ज काढू, घर नीट करू, हप्ते भाड्यातूनच फिटतील. विचार वाईट नाही. पण तो कागदावर मांडून पाहावा.

समजा, ५ लाख रुपये कर्ज काढले. व्याज दरसाल दर शेकडा ९, मुदत १० वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे ६,३३४ रुपये पडतो. दोन बिऱ्हाडे ठेवली, प्रत्येकी भाडे ३,५०० रुपये. म्हणजे महिना ७,००० रुपये. वरवर पाहता हप्ता भागून पैसे उरतात. पण भाडेकरू बदलतो आणि जागा रिकामी राहते. म्हणून भाडे नेहमी ११ महिन्यांचेच धरावे. ते होते ७७,००० आणि वर्षाचे हप्ते होतात सुमारे ७६,०००. उरले हजारभर रुपये! त्यात घरपट्टी द्यावयाची की फुटलेली कौले बदलावयाची? हेच कर्ज ३ लाखांचे असते, तर हप्ता सुमारे ३,८०० रुपये आला असता आणि वर्षाकाठी ३१,००० रुपये हाती राहिले असते. तेव्हा काम दोन टप्प्यांत करावे, पण कर्ज बेताचेच काढावे.

कर्जाला जाण्यापूर्वी मिळकतीचा उतारा पाहा. त्यावर आजोबांचेच नाव असेल, तर आधी वारसांच्या नोंदी करून घ्या. भावाबहिणींची संमती घेतल्याशिवाय सामाईक घरावर पैसा घालू नये. पुढे घरही अडकते आणि नातीही तुटतात.

आता दुरुस्ती. पहिला मान छपराचा. वासे वाळवीने पोखरले आहेत का, पन्हळी वाहत्या आहेत का, हे पावसाळ्यापूर्वी पाहावे. मग मोरी, संडास आणि विजेच्या जुन्या तारा. रंग अगदी शेवटी. गळके छप्पर ठेवून भिंती रंगवणे म्हणजे पैसे पावसात सोडणे. आणि एक लक्षात ठेवा, मातीच्या किंवा चुन्यातल्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नये. ओल आत कोंडते आणि भिंत फुगते. तेथे चुनाच बरा.

शेवटी करारनामा. ‘११ महिन्यांचा कागद, नोंदणी कशाला?’ असे पुष्कळजण म्हणतात. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला असावा लागतो, आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे. लेखी करार नसेल आणि तंटा झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. भाडेकरूलाही या कागदाचा आधार असतो. अनामत किती, दुरुस्ती कोणी करावयाची, जागा केव्हा सोडावयाची, सारे त्यात स्पष्ट राहते. आणि भाडे थकले म्हणून कोणाचे पाणी किंवा वीज तोडू नये. कायद्याने तो गुन्हा आहे.

प्राप्तिकर मोजताना भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा करून, उरलेल्या रकमेवर शेकडा ३० वजावट मिळते, प्रत्यक्ष खर्च कितीही झालेला असो. मालकाने यातून एवढे तरी शिकावे की, आलेल्या भाड्यातला काही वाटा घराचाच असतो. तो दरमहा निराळा काढून ठेवावा. भाड्यावर आधी घर जगले पाहिजे, मग घरमालक.