सहाची गाडी

१७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजीला तर तिकीटच नाही. पण बाजार सातला भरतो आणि गाडी नऊला येते, मग त्या अर्ध्या तिकिटाचं करायचं काय?

आमच्या गावात हेच चाललं होतं. भाजीच्या पाट्या घेऊन बायका सहालाच वडापनं जायच्या. पूर्ण पैसे, दाटीवाटी, मांडीवर पोर. नऊची एसटी निम्मी रिकामी. आगारात फेरीचं उत्पन्न बघतात. ते घटलं की फेरी बंद व्हायला वेळ लागत नाही.

मग गटानं वही काढली. पंधरा दिवस प्रत्येकीनं लिहायचं: कुठं गेले, किती वाजता, कशानं, किती पैसे दिले. लिहिता न येणारीनं सुनेकडून लिहून घेतलं. वाचलं तेव्हा कळलं, बँकेत आम्ही पाच जणी पाच वेगळ्या दिवशी जात होतो! आता बाजारादिवशीच जातो.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावीच लागते, कायदा आहे. तिथं ठराव मांडला, नऊची गाडी सहाला आणा. एक सासूबाई म्हणाल्या, "अगं, पोरी कॉलेजला कशानं जातील?" खरंच की! मग नऊची तशीच ठेवून बाजारादिवशी सहाची जादा मागितली.

ठराव आणि वहीची नक्कल आगार व्यवस्थापकांना दिली. पोच घेतली, ती विसरू नका. साहेब म्हणाले, बघतो. सोमवारी आम्ही चौघी पुन्हा जातोय, अर्ध्या तिकिटात.