आधी खुर्ची टाका, मग कुंपण

तमिळनाडूत कुंभकोणमला सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर गणिती श्रीनिवास रामानुजन यांचं कौलारू घर आहे, आता स्मारक म्हणून जपलेलं. रस्त्याला लागून ओटा, तिकडची तिण्णै. तिथे पाटी घेऊन ते गणितं करत बसत, समोरून रहदारी चालू. त्या जुन्या घरांना पुढे आडोसा नाहीच. आडोसा मागच्या परसाला, जिथे विहीर आणि धुणं, आणि तोही नारळाच्या झापांचा.

आता नव्या वसाहतींत बघा. चारी बाजूंनी सात-सात फुटी पत्रे! अहो, आधी खुर्ची टाका. संध्याकाळी जिथे बसणार तिथे बसा आणि नजर कुठून येते ते पाहा. बहुधा एखाद्या खिडकीतून येते. तेवढीच अडवा. बसलेल्याचे डोळे चारेक फुटांवर असतात. रस्त्यावरच्या माणसासाठी साडेपाच फुटी मेंदी पुष्कळ झाली. समोरच्या गच्चीपुढे मात्र कुठलंही कुंपण हरतं, तिथे मांडवच हवा.

कुंपण म्हणजे कॉफीचा फिल्टर समजा. डिग्री कॉफीच्या गावाचीच गोष्ट चाललीय! भोकं मोठी झाली की गाळ कपात येतो. बुजली, किंवा पूड दाबून बसवली, की डिकॉक्शन उतरतच नाही. पत्र्याचं तेच: नजर थांबते आणि कावेरीवरचा वाराही थांबतो. वर उन्हात पत्रा तापतो. वादळात तर सगळा वारा अंगावर घेऊन खांबासकट आडवा होतो. २०१८च्या नोव्हेंबरात गज वादळाने त्या भागाला झोडपलं होतं, म्हणून सांगतो. झुडपांतून वारा झिरपतो आणि त्याचा जोर मोडतो.

तेव्हा मेंदी लावा, नाहीतर अडुळसा. त्याला शेळ्या तोंड लावत नाहीत. काड्या लागतात, पण पावसाच्या तोंडाशी लावा. तिकडे मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, आपल्याकडे जूनमध्ये. आणि गुडघ्याएवढी झाली की छाटा! जीव तुटतो, ठाऊक आहे. न छाटल्यास वर पानं, खाली नुसत्या काड्या, आणि नजर खालून आत. वाढेपर्यंत झापं बांधा. शेर नको, चीक डोळ्यांत गेला तर पंचाईत.

पुन्हा सांगतो, रोपवाटिकेत जाण्याआधी खुर्ची.

बांबूचं सांगायचं राहिलं आणि स्टुडिओच्या काचेपलीकडून हात हलतोय. पसरणारी जात घेऊ नका, बेट धरणारी घ्या, आणि शेजाऱ्याच्या हद्दीपासून निदान... नाही, वेळ संपली.