स्वतःची रोजकीर्द

दुकानदार रात्रीं फळ्या लावण्यापूर्वीं दिवसाची जमा-खर्चाची रोजकीर्द लिहितो, व शिल्लक जुळली नाहीं तर त्याला झोंप येत नाहीं. परंतु दिवसभराच्या स्वतःच्या वागण्याची शिल्लक काढणारा मनुष्य विरळा. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरचा छापखानदार बेंजामिन फ्रँकलिन (१७०६–१७९०) हा अशा विरळांपैकीं एक होता.

तरुणपणींच त्यानें निर्दोष होण्याचा संकल्प करून एक लहानशी वही आंखली. आडव्या ओळींत मिताहार, मौन, काटकसर, न्याय इत्यादि गुण. उभ्या रकान्यांत सात वार. चूक घडली कीं त्या घरांत काळा ठिपका. माळी जसा एक वाफा निंदून मग दुसऱ्याकडे वळतो, तसा तो एका आठवड्यांत एकाच गुणावर विशेष लक्ष ठेवी.

परंतु या यादींत प्रथम गुण बाराच होते. आपण गर्विष्ठ आहों, हें त्या वहीला ठाऊकच नव्हतें! क्वेकर पंथाच्या एका मित्रानें तें उदाहरणांसह दाखवून दिलें, तेव्हां नम्रता हा तेरावा गुण यादींत आला. 'निःसंशय', 'खात्रीनें' हे शब्द टाकून फ्रँकलिन 'मला असें वाटतें' असें म्हणूं लागला. नम्रता खरोखर अंगीं बाणली असें म्हणवत नाहीं, तिचें बाह्य रूप मात्र बरेंच साधलें, अशी प्रांजळ कबुली त्यानें आत्मचरित्रांत दिली आहे.

याहून गंभीर गोष्ट निराळीच. त्याच्या घरीं गुलाम होते. त्याच्या वृत्तपत्रांत गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. वहीची हकीकत सांगतांना, न्यायाच्या ओळीसंबंधांतही, त्याचा उल्लेख नाहीं. पुढें त्याची दृष्टि पालटली. १७८७ सालीं तो गुलामगिरीविरुद्ध झटणाऱ्या पेनसिल्व्हानियांतील संस्थेचा अध्यक्ष झाला, आणि १७९० च्या फेब्रुवारींत, मृत्यूपूर्वीं अवघे कांहीं आठवडे, त्याच्या सहीचा अर्ज अमेरिकेच्या काँग्रेसपुढें गेला.

वहीचे रकाने मनुष्य स्वतःच आंखतो. म्हणून जो दोष त्याला दिसत नाहीं, त्याला वहींत घरच मिळत नाहीं. ठिपके मोजून तो स्वतःवर संतुष्ट होतो, आणि न मोजलेलें तसेंच राहून जातें. यास्तव वही अवश्य ठेवावी, पण वर्षांतून एकदां ती पत्नीच्या, भावाच्या किंवा निर्भीड मित्राच्या हातीं द्यावी आणि विचारावें, "यांत कोणता रकाना राहिला?" उत्तर कडू लागलें, तर नवी ओळ तेथेंच आंखावी.