छत्रीतला प्रकाश आणि आपले चेहरे

(कर्नाळा येथील युवा शिबिरात केलेले भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, फोटोग्राफी माझा पोटापाण्याचा व्यवसाय नाही. तरीही आज कॅमेऱ्याच्या फ्लॅशबद्दल बोलणार आहे, कारण आपल्या कामाशी त्याचा थेट संबंध आहे. मुस्लिम बाईवरची बातमी असली की सोबत काय छापतात? पाठमोरा काळा बुरखा. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. तारीख आपल्याला पाठ आहे. पण त्या सात जणींचे चेहरे आपल्यापैकी किती जण ओळखतील? आपल्याच अहवालांतले फोटो बघा. ट्यूबलाइटखाली काढलेले, डोळ्यांच्या जागी सावल्या. दुसरे आपले चेहरे दाखवत नाहीत ही तक्रार रास्त आहे, पण आपण तरी नीट दाखवतो का?

कॅमेऱ्यावरच बसवलेला फ्लॅश समोरून थेट आदळतो. चेहरा सपाट आणि चकचकीत दिसतो, मागच्या भिंतीवर गडद सावली पडते. कारण प्रकाशाचा उगम काडेपेटीएवढा असतो. उगम जितका मोठा आणि माणसाच्या जितका जवळ, तितकी सावली मऊ. ढगाळ दिवशी चेहरे छान दिसतात ते म्हणूनच. सगळं आभाळच दिवा झालेलं असतं. पांढरी छत्री हेच काम लहान प्रमाणात करते.

साहित्य थोडंच आहे: फ्लॅश, स्टँड, छत्री आणि फ्लॅश अडकवायचा ब्रॅकेट, आणि रेडिओ ट्रिगरची जोडी. आरपार छत्रीत फ्लॅशचं तोंड माणसाकडे असतं आणि छत्रीची फुगीर बाजूही माणसाकडे. आतून चंदेरी असलेल्या छत्रीत उलट: फ्लॅश छत्रीत मारायचा, प्रकाश परतून माणसावर येतो. सुरुवातीला आरपार घ्या. फ्लॅशचा झूम २४ वर ठेवा, म्हणजे पूर्ण छत्री उजळेल.

छत्री माणसाच्या एका बाजूला ४५ अंशांवर, डोळ्यांपेक्षा थोडी वर, साधारण एक-सव्वा मीटरवर लावा. कॅमेरा मॅन्युअलवर: शटर १/१६०, अ‍ॅपर्चर ५.६, आयएसओ २००. फ्लॅशही मॅन्युअलवर, १/४ पॉवर. फोटो काढून बघा. चेहरा काळपट असेल तर पॉवर वाढवा, पांढरा पडला तर कमी करा. मागचं दृश्य अंधारलं असेल तर शटर मंद करा. चेहऱ्यावरच्या फ्लॅशवर त्याचा परिणाम जवळजवळ होत नाही. मात्र १/२०० च्या फार पुढे जाऊ नका, बऱ्याच कॅमेऱ्यांत फोटोवर काळा पट्टा येतो.

मॅन्युअल का? समोर काळा बुरखा आला की ऑटोमॅटिक यंत्रणेला वाटतं अंधार आहे. ती प्रकाश वाढवते आणि चेहरा पांढराफटक होतो. पांढरा कुर्ता-टोपी आली की उलट, चेहरा काळवंडतो. मॅन्युअलमध्ये एकदा चेहऱ्यावर प्रकाश जुळवला की त्याच जागी बुरखा येवो, कुर्ता येवो की नऊवारी, सर्वांना सारखाच प्रकाश.

थोडं गणित. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथा हिस्सा उरतो. रांगेतला पहिला माणूस छत्रीपासून एक मीटरवर आणि शेवटचा दोन मीटरवर असेल, तर शेवटच्याला पाव प्रकाश मिळतो. छत्री मागे नेऊन तीच अंतरं तीन आणि चार मीटर केली, तर शेवटच्याला निम्म्याहून थोडा जास्त मिळतो. म्हणून समूहासाठी छत्री लांब न्या आणि पॉवर, आयएसओ वाढवा. सावली थोडी कडक होईल, पण कडेचा माणूस अंधारात राहणार नाही. चष्म्यात छत्री दिसली तर ती आणखी वर किंवा बाजूला सरकवा.

इथल्या झाडांखाली चेहऱ्यावर हिरवट छटा येते. फ्लॅशच्या पांढऱ्या प्रकाशाने ती बरीच जाते. वारा आला की छत्री शिडासारखी फुगते, म्हणून स्टँडला पाण्याने भरलेली पिशवी लटकवा. आणि हे सगळं शिबिराच्या आवारात. अभयारण्यात पाखरांवर फ्लॅश मारायचा नाही.

शेवटचा मुद्दा परवानगीचा. आपल्या काही बुजुर्गांना फोटो धर्माच्या दृष्टीने मान्य नसतो. त्यांच्याशी वाद घालायला कॅमेरा घेऊन जाऊ नका. नकाब काढा असं कुणालाही सांगायचं नाही. डोळ्यांवर नीट प्रकाश पडला तरी ओळख उमटते. फोटो कुठे छापणार हे आधी सांगा, काढलेला फोटो त्यांना दाखवा, नको म्हणाल्या तर त्यांच्यासमोर पुसा. खाली नाव लिहायचं का, तेही त्यांनाच विचारा. अनेक आयांकडे, खालांकडे आधारकार्डाखेरीज स्वतःचा एकटीचा फोटो नसतो. त्यांना छापील प्रत द्या.

जेवणानंतर छत्री अंगणात लावतो. दोघादोघांच्या जोड्या करा. प्रत्येकाने एकदा कॅमेऱ्यामागे आणि एकदा छत्रीसमोर उभं राहायचं आहे.